पहिल्या चावीला

२ नोव्हेंबर

शेजारचे काका चालले! घर सोडून, कायमचे, मुलीकडे. महिनाअखेरीला. आणि अर्थातच गाडी घेऊन. कुंपणापलीकडून सहज सांगितलं त्यांनी. मी "छान झालं, छान झालं" म्हणत आत आले आणि ओटा धरून उभी राहिले. 

गेल्या वर्षात माझ्या लेकीला, मुंगीला, तीनदा रुग्णालयात न्यावं लागलं. तिन्ही वेळा पहाटे, तिन्ही वेळा काकांच्या गाडीतून. दमा तिला पहाटेच गाठतो. पंप दिला, वाफ दिली आणि तरी छाती वाजायची थांबली नाही, की घाट ओलांडून पलीकडे पळायचं. ॲम्ब्युलन्स तिकडूनच येते. म्हणजे आधी तिने घाट चढून इकडे यायचं, मग आम्हाला घेऊन परत चढायचं. तेवढा वेळ सात वर्षांच्या पोरीने श्वास कुठून आणायचा? नवरा पहाटेच छापखान्यात गेलेला असतो. घरात मी, मुंगी आणि सासूबाई.

रात्री नवऱ्याला म्हटलं, गाडी घेऊ. जुनी का असेना. तो म्हणाला, "चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमान उडवते म्हणाले. लायसन्स आहे माझ्याकडे! लग्नाआधीचं. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही ही गोष्ट वेगळी.

५ नोव्हेंबर

दोन गाड्या नजरेत आल्या. एक पांढरी, एक लाल. किमतीत एकोणीस-वीसचा फरक, म्हणजे त्यावरून ठरणार नाही.

पांढरी – चौदा वर्षांची, डिझेल, तेराशे सीसी, पंचाहत्तर बीएचपी. जुन्या गाड्यांच्या एजंटकडे उभी आहे. लाल – बारा वर्षांची, पेट्रोल, हजार सीसी, सदुसष्ट बीएचपी. एका निवृत्त मास्तरांची, पहिलाच हात. पावसाळाभर दारातच उभी होती, कुठे फिरवलेली नाही, म्हणाले.

धाकटे दीर घरी आले होते. गाडी या विषयावर त्यांना विचारावं लागत नाही. "वहिनी, घाट म्हटला की डिझेल! लाल खेळण्यात बसून घाट चढणार तुम्ही? उतरून ढकलावी लागेल." सीसी-बीएचपी जाऊ द्या, टॉर्क बघा, म्हणाले. टॉर्क म्हणजे ओढ. पांढरीची एकशे नव्वद, लालची नव्वद. निम्म्याहून कमी.

मला हे आकडे पाठ झालेत. भाजी चिरताना म्हणते आहे. एकशे नव्वद, नव्वद.

७ नोव्हेंबर

काम सुटल्यावर पांढरी बघून आले. नवरा आणि भाऊजी बरोबर. एजंट गोड बोलतो. मला "ताई" आणि नवऱ्याला "साहेब". आम्ही पोचलो तेव्हा तो नुकताच कुठूनसा गाडी घेऊन परत आला होता. भाऊजींनी चालवली, घाटात नेली. तिसऱ्या गियरमध्ये चढली सगळा चढ! कुरकुर नाही, धाप नाही. मी मागे बसले होते. आपल्या मांडीवर मुंगी आहे असं धरून चालले होते आणि प्रत्येक वळणाला मनात म्हणत होते – आली, आली, पोचलोच.

पहिल्यांदा बरं वाटलं. एजंट म्हणाला, "ताई, डोळे मिटून घ्या." डोळे मिटूनच तर घेता येत नाही मला काही.

९ नोव्हेंबर

आज दोघींना काट्यावर घेतलं! माझी नोकरीच ती. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, मी काचेआडून वजन टिपते, रिकामा होऊन आला की पुन्हा टिपते. दुपारी गर्दी नसते. एजंटला बोलावलं, मास्तरांनाही बोलावलं. दोघे एकमेकांकडे व्याह्यांसारखे बघत उभे.

पांढरी कागदावर अकराशे, काट्यावर अकराशे दहा. लाल कागदावर आठशे सत्तर – काट्यावर नऊशे वीस! माझा सहकारी म्हणतो, "बाईचं आणि गाडीचं वजन कागदावर कमीच असतं." त्याला म्हटलं, "आणि पुरुषाची अक्कल जास्त." मास्तर म्हणाले, टाकी भरलेली आहे, डिकीत अवजारांची पेटी आहे. असेल.

टनामागे ताकद काढली तर लाल किंचित वरचढ ठरते. भाऊजींना फोन केला. ते हसले. "ओढ, वहिनी, ओढ!"

११ नोव्हेंबर

मुंगीची छाती पहाटे वाजायला लागली. पंपाने थांबली. काका अजून इथे आहेत, महिनाअखेर लांब आहे – हे मी स्वतःला सांगत तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. हात तिच्या पाठीबरोबर वरखाली होत होता. थांबला तर, या एका विचाराने उजाडेपर्यंत तो उचललाच नाही. 

१३ नोव्हेंबर

पांढरीच घ्यायची असं ठरलं. उद्या एजंटला कळवायचं.

१४ नोव्हेंबर

कळवलं नाही. का ते लिहून ठेवते.

सकाळी कामावर लवकर गेले होते. काट्याबाहेर ट्रक रांगेत, रात्रभर उभे राहून गारठलेले. एक ट्रक सुरूच होईना. घरघर, घरघर, पुन्हा घरघर. ड्रायव्हर खाली उतरून त्याला शिव्या देऊ लागला, मग गोंजारू लागला. मी काचेआडून बघत होते आणि एकदम अंगावर काटा आला. मला गाडीची गरज पडणार कधी? पहाटे. थंडीत. रात्रभर उभी असलेली. आणि मी पांढरी बघितली कधी? संध्याकाळी, एजंटने ती फिरवून आणल्यावर! बॉनेटला हात टेकवून उभी होते मी, चांगलं ऊबदार होतं ते. घाट, ओढ, वजन, सगळं बघितलं. गार गाडी सुरू होते का, हे सोडून सगळं.

१५ नोव्हेंबर

न सांगता गेले. उजाडायच्या सुमाराला. एजंट यार्डाच्या मागेच राहतो. मफलर गुंडाळून बाहेर आला, चेहऱ्यावर गोडवा यायला जरा वेळ लागला. म्हटलं, आत्ता सुरू करून दाखवा. तो म्हणाला, थांबा, डिझेल आहे, आधी हीटर प्लग तापू दे. दिवा लागला, विझला. चावी फिरवली – घरघर. थांबला. पुन्हा घरघर. मी मनात श्वास मोजत होते. मुंगीचे. सहाव्या-सातव्या वेळी पेटली ती, आणि पांढरा धूर असा सोडला की एजंटच दिसेनासा झाला. धुरातून त्याचा आवाज आला, "ताई, थंडीत माणूससुद्धा लगेच उठत नाही."

हसू आलं मला. मग गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा रडू आलं. जर घेतली असती तर!

तशीच मास्तरांकडे गेले. ते कानटोपी घालून दात घासत होते. "या वेळी?" म्हणाले. बॉनेटला हात लावला, बर्फ. चावी त्यांनी माझ्याच हातात दिली. मी फिरवली. सुरू! पहिल्या चावीला! घरघर नाही, धूर नाही. मास्तर टूथब्रश हातात धरून म्हणाले, "विद्यार्थी आणि गाडी, दोघांना हाक मारली की लगेच ओ द्यायची सवय लावली आहे मी."

मी गाडीत तशीच बसून राहिले थोडा वेळ. आत छान वास येत होता. सुगंधाची डबी टांगलीय, सीटला कव्हर, खाली स्वच्छ चटया. जपलेली वस्तू कळते.

१७ नोव्हेंबर

लाल घाटात नेऊन आणली. खरं लिहायचं तर – दम लागतो तिला. मधल्या चढाला दुसऱ्या गियरवर यावं लागतं, एका वळणावर तर पहिल्यावर. एसी बंदच ठेवायचा. पांढरीपेक्षा पाच-सहा मिनिटं जास्त. भाऊजी सारखे घड्याळात बघत होते, ते बोलण्यापेक्षा वाईट.

आता काय निवडायचं? एक जोरात चढते, पण निघेलच याची खात्री नाही. दुसरी हमखास निघते, पण रखडत चढते. पाच मिनिटं! पाच मिनिटांत काय होतं ते मी पाहिलंय. ओठांचा रंग बदलतो.

नवरा म्हणाला, "निघालीच नाही तर चढणार काय कपाळ? निघणारी घेऊ." पटलं. असं दोन वाक्यांत सगळं पटवायला याला जमतं कसं? मी पंधरा दिवस आकडे घोकते आहे.

१९ नोव्हेंबर

ओळखीच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने इंजिन ऐकलं, ऑइल बघितलं, खाली सरपटत जाऊन आला, क्लच-ब्रेक दाबून बघितले. टायर दोन बदला म्हणाला. इंजिन उत्तम.

येताना नवरा म्हणाला, "मुंगीला एकदा बसवून बघूया का? तिच्यासाठीच तर घेतोय." मी नको म्हटलं. गॅरेजची धूळ, धूर, पेट्रोलचा वास. डॉक्टरांनी या सगळ्यापासून लांब ठेवायला सांगितलंय. एकाही गाडीजवळ नेलेलं नाही मी तिला, सासूबाईंकडे ठेवूनच जाते. घरी आली की बसेल की. दुधाने तोंड भाजलंय माझं, ताकही फुंकून पिणार. भित्री भागूबाई म्हणतात तर म्हणोत.

२२ नोव्हेंबर

लाल आमची झाली.

दारात उभी आहे. मी तीनदा बाहेर जाऊन बघून आले. सासूबाई म्हणाल्या, "पळून नाही जायची ती." मुंगी बॉनेटवर बोटाने स्वतःचं नाव काढत होती, हात धुवायला लावले.

२४ नोव्हेंबर

काकांनी मला शिकवायचं मनावर घेतलंय. जाण्याआधी हे एक काम, म्हणाले. चौकात बंद पाडली. मागून सगळ्या जगाने हॉर्न वाजवले. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेच कळेना. काका शांतपणे म्हणाले, "वाजवू दे. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही." पण आपल्याला घाई असणार आहे, काका! तेव्हासाठीच तर शिकते आहे.

२८ नोव्हेंबर

घाट चढले. मी. काका शेजारी होते, पण एकदाही काही सांगावं लागलं नाही त्यांना. उतरल्यावर पाठ चिंब भिजली होती घामाने. नवऱ्याला सांगितलं तर त्याने मला उचलून घेतलं, सासूबाईंसमोर!

३० नोव्हेंबर

काका गेले. कुंपणापलीकडे रिकामी जागा, जमिनीवर ऑइलचे डाग. मला एकदम पोरकं वाटलं. आता काही झालं तर मीच.

२ डिसेंबर

मुंगीला गाडीची सवय व्हावी म्हणून आजपासून शाळेत गाडीने नेते. बोचरी थंडी आहे. काचा बंद, हीटर सुरू, तिच्या पायांवर शाल. राणीसारखी बसते. पण म्हणते, "चालत जाऊया ना." एवढा आटापिटा केला आणि हिला चालायचंय!

४ डिसेंबर

खोकतेय. कालपासून. पंपाच्या फेऱ्या वाढल्या. डॉक्टर म्हणाले थंडी वाढली की असं होतं, औषध थोडं वाढवू. मला वाटतं आजार वाढतोय. कोणाला बोलून दाखवलं नाही. इथे लिहिते – मला फार भीती वाटते आहे.

६ डिसेंबर

झालं. ज्याला घाबरत होते ते झालं.

पहाटे उठून बसली, डोळे मोठे, मानेखालची कातडी आत ओढली जात होती. पंप दिला, वाफ दिली, जरा बरी वाटली आणि पुन्हा सुरू. नवरा कामावर. सासूबाई तिला मांडीवर घेऊन मागे बसल्या, मी चावी फिरवली. पहिल्या चावीला! त्या क्षणी मी मास्तरांना मनातून नमस्कार केला. काचा घट्ट बंद केल्या, हीटर पूर्ण उघडला, तिला गारवा लागू नये म्हणून. निघताना तरी बोलत होती. घाटात बोलणं थांबलं. मधल्या चढावर गाडी पहिल्या गियरमध्ये रडत होती आणि मागून सासूबाई म्हणत होत्या, "हळू नको गं, हळू नको." आरशात बघितलं तर ओठ निळसर. मी ओरडत होते म्हणे, गाडीला. मला आठवत नाही.

पोचलो. लगेच आत घेतलं. नंतर डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी थोडं लांबलं असतं तर..."  नवरा धावत आला. भाऊजी आले. त्यांनी लालच्या टपावर थाप मारली आणि म्हणाले, "वहिनी, हरलो मी. हिने वाचवली पोरीला."

८ डिसेंबर

मुंगी घरी आली. मीच आणली, गाडीने, काचा बंद करून. वाटेतच खोकायला लागली. रुग्णालयात दोन दिवस अगदी छान होती, घरी येईपर्यंत पुन्हा शिट्टी. डॉक्टरांना फोन केला. हवा बदलली की होतं असं, म्हणाले.

आमच्याच घराची हवा वाईट आहे का? गाद्या उन्हात टाकल्या. पडदे धुतले. सासूबाईंची उदबत्ती बंद केली, त्या रुसल्या. जुने पेपर बाहेर काढले. कुठेतरी काहीतरी आहे आणि मला सापडत नाही. गाडी मात्र पुसून तयार ठेवली आहे, तोंड रस्त्याकडे करून.

१० डिसेंबर

मुंगी आज शाळेत चालत गेली. रडून रडून. "गाडीत वास येतो" म्हणाली. म्हटलं, अगं सुगंधाची डबी आहे ती. म्हणाली, "तिच्या खालचा वास." नखरे नुसते! पण आजारी पोर, किती दामटायचं? सोडलं चालत. खोकली नाही वाटेत. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा गाडीनेच आणावं लागलं.

१२ डिसेंबर

रुग्णालयात नवरा मुंगीजवळ बसलाय, मी कपडे न्यायला घरी आलेय. काल पहाटे पुन्हा. पंपाने नाही, वाफेने नाही. चावी फिरवली, पहिल्या चावीला सुरू. मुंगीला उचलून गाडीपाशी आणलं तर तिने दोन्ही हातांनी दार धरलं. आत जाईचना. एकेक शब्द तोडत म्हणाली, "हिच्यात नको, आई. हिच्यात माझा श्वास जातो. सांगते ना तुला."

मी तिच्या सीटखालची चटई उचलली. खालच्या जाड थरावर हात दाबला. पावसाळ्यात मुरलेलं पाणी वर आलं. बोटं काळी झाली बुरशीने.

समोरून दुधाचा टेंपो येत होता, त्याच्यापुढे आडवी उभी राहिले. किती सीसीचा, किती ओढीचा, कोण जाणे. काच खाली करून गार वाऱ्यात नेली तिला, आणि चढ संपायच्या आत ती बोलायला लागली.

लाल तशीच दारात राहिली. सासूबाईंना बंद करता येत नाही. नवरा येईपर्यंत सुरू होती म्हणे, एकदाही बंद पडली नाही.